एचपीव्ही लस : डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारलंत, काय राहून गेलं?

निशिगंध | सोमवार, रात्री ११:०५

मंडळी, गेल्या महिन्यात लेकीला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेले होते. खोकला बरेच दिवस रेंगाळला होता, तेवढंच निमित्त. तपासून झालं, औषध लिहून झालं आणि फाइल चाळता चाळता डॉक्टर म्हणाले, "बारा पूर्ण झाली ना? एचपीव्हीची लस राहिलीय. द्यायची का?"

लेक शेजारच्याच खुर्चीत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या पेपरवेटकडे, आणि "घरी बोलून सांगते" म्हणत उठले. घरी बोलण्यासारखं खरं तर काही नव्हतंच, लशींचं सगळं मीच बघते. मी उठले ती संकोचाने. या विषाणूबद्दल मला एकच गोष्ट पक्की माहीत होती, की तो शरीरसंबंधांतून पसरतो. आणि पोरीच्या देखत तो विषय निघू नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. गोवराची किंवा धनुर्वाताची लस देताना मी कधी "घरी बोलून सांगते" म्हटलं नव्हतं.

जिना उतरताना लेकीने विचारलं, "कसली लस?" मी म्हटलं, "आहे एक." तिने पुन्हा विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

मग दोन रात्री वाचत बसले. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत. बरेचसे निरुपद्रवी, काहींमुळे चामखीळ येते, आणि थोडे प्रकार वर्षानुवर्षं शरीरात टिकून राहिले तर कॅन्सरपर्यंत नेतात. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरच्या मुळाशी आहेत. विषाणू आणि हा कॅन्सर यांचं नातं हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, त्याबद्दल त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. जगभरात २०२२ या एका वर्षात साडेसहा लाखांहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि साडेतीन लाखांच्या आसपास बायका गेल्या. हा आकडा मी तीनदा वाचला. ज्या आजाराचं कारण माहीत आहे आणि ज्यावर २००६ पासून लस आहे, त्याचा हा आकडा.

एवढं वाचूनही दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे जाताना पोटात गोळा होताच. म्हणून वहीचं पान फाडून प्रश्न लिहून घेतले. आत्ताच का, थोडी मोठी झाल्यावर दिली तर काय बिघडतं? डोस किती? लस कोणती, आणि त्यात किती प्रकारांपासून संरक्षण आहे? हिला लहानपणी एका अँटिबायोटिकने अंगावर पुरळ आलं होतं, त्याचा काही संबंध? पाळी अजून सुरू झालेली नाही, चालेल? पुढे मूल होण्यावर काही परिणाम? शेवटचा प्रश्न लिहिताना हात जरा अडखळला, पण लिहिला.

त्या भेटीत काय झालं ते सांगतेच. आधी तुमचं ऐकायचंय. तुम्ही हा विषय डॉक्टरांकडे कसा काढलात? काय विचारायचं राहून गेलं?

---

चैत्रपालवी | सोमवार, रात्री ११:३१

वाचतेय. माझी १० ची आहे. आमच्या डॉक्टरांनी विषय काढलाच नाही अजून. आपण काढायचा की त्यांनी काढेपर्यंत थांबायचं?

---

स्टेथोस्कोप | मंगळवार, सकाळी ७:१२

चैत्रपालवी, तुम्ही काढा. थांबू नका.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. आमच्यातही संकोच असतो. बाकीच्या लशींबद्दल मी "आज ही लस आहे" असं सरळ म्हणतो आणि एचपीव्हीची वेळ आली की "घ्यायची का?" असं विचारतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आवाज बदलला की पालकांना वाटतं, यात काहीतरी वेगळं आहे, ही ऐच्छिक दिसते. निशिगंधताईंना जो प्रश्न विचारला गेला, तसाच मी शेकडो पालकांना विचारला असेन. त्यातले किती जण "घरी बोलून सांगतो" म्हणाले आणि पुन्हा त्या विषयावर आलेच नाहीत, याची आठवण मला बोचते. आता मी बाकीच्या लशींसारखंच म्हणतो, "अमुक वर्षं झाली, ही लस द्यायची आहे, काही शंका असेल तर आत्ता बोलू."

वयाबद्दल. लस असलेला विषाणू शरीराबाहेर काढत नाही, नव्याने येणाऱ्याला अडवते. त्यामुळे विषाणूशी गाठ पडण्याच्या खूप आधी ती मिळायला हवी. दुसरं कारण शरीराचंच आहे. ९ ते १४ या वयात लशीला मिळणारा प्रतिसाद जास्त जोमदार असतो, तयार होणाऱ्या अँटिबॉडीज मोठ्या वयापेक्षा जास्त असतात, आणि म्हणूनच लहान वयात कमी डोस पुरतात. इंग्लंडमधला एक अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १२-१३ व्या वर्षी ज्यांना लस देण्यात आली त्या गटात गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला, १४ ते १६ च्या गटात ६२ टक्क्यांनी आणि १६ ते १८ च्या गटात ३४ टक्क्यांनी. 'थोडी मोठी झाल्यावर दिली तर काय बिघडतं' याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

"इतक्या लहान मुलीला या विषयातली लस कशाला" असं मनात असेल तर तेही बोलून टाका. आम्हाला राग येत नाही. लस घेतल्याने मुलं लवकर 'त्या' वाटेला लागतात का, याचाही अभ्यास झाला आहे आणि तसं दिसलेलं नाही.

डोसबद्दल मात्र इथे कुणी कुणाला आकडा सांगू नका. ९ ते १४ मध्ये बऱ्याच ठिकाणी दोन डोस देतात, सहा ते बारा महिन्यांच्या अंतराने. १५ नंतर सुरुवात केली तर तीन, असा जुना शिरस्ता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० या वयात एक डोसही चालेल असं म्हटलं आणि बऱ्याच देशांनी तो स्वीकारला. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना, एचआयव्ही असलेल्यांना एकावर भागत नाही. तेव्हा आपल्या मुलीचं वय आणि प्रकृती सांगा आणि तिला किती लागतील ते विचारा. दुसऱ्याच्या मुलीला दोन दिले म्हणून आपल्याला एक दिला यात फसवणूक नसते.

---

दोघांचा_बाबा | मंगळवार, दुपारी १:४०

मुलग्यांचं काय, हेही इथे येऊ दे.

माझ्या मोठ्या भावाला ५२ व्या वर्षी घशाचा कॅन्सर झाला. टॉन्सिलच्या जागी गाठ. आयुष्यात तंबाखूला शिवला नाही, सिगारेट नाही. दाढी करताना गळ्याला गाठ हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून महिनाभर तसाच राहिला. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'पी १६ पॉझिटिव्ह' असं लिहिलं होतं. आम्ही सगळे त्या दोन शब्दांकडे बघत बसलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं, हा एचपीव्हीशी जोडलेला कॅन्सर असण्याची खूण आहे. तोवर हा 'बायकांचा' विषाणू अशीच आमची समजूत.

भाऊ आज बरा आहे. या प्रकारात उपचारांना प्रतिसाद तुलनेने चांगला असतो म्हणे. पण रेडिएशननंतर त्याच्या तोंडाला लाळ सुटत नाही, रात्री उशाशी पाण्याची बाटली लागते.

मला ११ आणि १४ वर्षांचे दोन मुलगे आहेत. त्यांच्या डॉक्टरांना मीच विचारलं, यांनाही देता येते का? देता येते. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींपासून सुरुवात केली आणि २०१३ पासून मुलग्यांनाही द्यायला लागले. आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून हा विषय कधीच काढला नसता, कारण मुली नाहीत. म्हणून मुलग्यांच्या आईबापांनो, तुम्हालाच विचारावं लागेल.

---

काजवा | मंगळवार, रात्री ९:५०

मला इथे लिहायला भीती वाटतेय, कारण मी अजून लेकीला लस दिलेली नाही. कृपया ओरडू नका.

मी जपानबद्दल वाचलं होतं. तिथे मुलींना लशीनंतर अंगदुखी, हातपाय थरथरणे, चालता न येणे असे त्रास झाले आणि सरकारने लसीची शिफारस थांबवली. व्हिडिओही पाहिले. मी हे डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "नेटवरचं वाचू नका, द्यायची तर सांगा, मागे पेशंट आहेत." मी उठून आले. ती गोष्ट आता दोन वर्षांची झाली. लस वाईटच असं मी म्हणत नाही. मला फक्त माझ्या भीतीचं कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

---

निशिगंध | मंगळवार, रात्री १०:१५

काजवा, इथे कुणी ओरडणार नाही. तू विचारलंस हे बरोबरच केलंस, उत्तर तुला मिळायलाच हवं होतं. डॉक्टर बदलून पाहिलेस का? किंवा लशीपुरती वेगळी वेळ मागितलीस तर? आजारी मुलाला घेऊन गेलेल्या भेटीत अशा गोष्टी बोलायला सवड नसते, हे मला पहिल्या वेळी कळलं.

---

स्टेथोस्कोप | बुधवार, सकाळी ६:५५

काजवाताई, तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर जे सांगितलं असतं ते सांगतो.

तुम्ही वाचलंत ते घडलं होतं. जपानने एप्रिल २०१३ मध्ये ही लस नियमित कार्यक्रमात घेतली आणि जूनमध्ये, म्हणजे दोनच महिन्यांत, सक्रिय शिफारस थांबवली. त्या मुलींचे त्रास खोटे नव्हते, त्या खरंच आजारी होत्या. प्रश्न होता तो त्रास लशीमुळे झाला का. नागोया शहरात सुमारे ३०,००० तरुणींची माहिती गोळा केली गेली, डोकेदुखीपासून चालताना अडचणीपर्यंत २४ लक्षणं विचारली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही गटांत ही लक्षणं होती आणि लस घेतलेल्यांत ती जास्त आढळली नाहीत. त्या वयात अशा व्याधी लशीविनाही होतात, आणि लाखो मुलींना लस दिली की काहींची सुरुवात लशीनंतरच्या दिवसांत होणारच. एप्रिल २०२२ पासून जपानने पुन्हा शिफारस सुरू केली. मधल्या नऊ वर्षांत तिथलं लसीकरण ७० टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली गेलं होतं. त्या वर्षांतल्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

दुष्परिणाम नाहीत असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. दंड दुखतो, सुजतो, लाल होतो. ताप, डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. चक्कर येते. गंभीर अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ, दहा लाख डोसमागे दोनाच्या आत. ती झाली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होते, म्हणून तर दवाखान्यात थांबवून ठेवतात. लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन प्रयोगशाळेत बनवतात आणि ते आपोआप पोकळ गोळ्यांसारखं जुळून येतं. आत विषाणूचं जनुकीय द्रव्यच नाही, त्यामुळे लशीने एचपीव्हीची लागण होणं शक्य नाही.

पुढच्या वेळी असं म्हणून पाहा : "मी नकार द्यायला आलेली नाही. मला एका गोष्टीची भीती आहे. ती ऐकून घ्यायला पाच मिनिटं देता का? आज नसतील तर कधी येऊ?" यावरही कुणी हाकललं तर दुसरा डॉक्टर शोधा. लेकीचं वय काय आहे?

---

काजवा | बुधवार, सकाळी ८:२०

१४ पूर्ण व्हायला दोन महिने आहेत.

---

स्टेथोस्कोप | बुधवार, सकाळी ८:२४

मग वेळ आहे. पण आता वेळ घालवू नका.

---

अबोली_३४ | बुधवार, रात्री १०:०२

हा धागा मुलांपुरता आहे का? मी ३४ वर्षांची आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आई सोबत होती. मी लशीबद्दल विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "शरीरसंबंध आलेत का?" आईसमोर मी "नाही" म्हणाले. ते खरं नव्हतं. आता त्यांनी जो सल्ला दिला तो चुकीच्या माहितीवर दिलाय, आणि पुन्हा जाऊन दुरुस्त कसं करू ते समजत नाही.

---

पाऊलवाट | गुरुवार, पहाटे ५:३०

अबोली, बाळ, एकटी जा. रिसेप्शनवर सांग, मागच्या वेळची माहिती दुरुस्त करायची आहे. आत गेल्यावर एवढंच म्हण, "त्या दिवशी आई सोबत होती, मी खरं सांगू शकले नाही." त्यांना हे नवीन नसतं. अशा वेळी सोबतच्या माणसाला बाहेर बसवायचं काम खरं तर डॉक्टरांचं. ते त्यांनी केलं नाही, तर "मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय" असं म्हणायचा तुला हक्क आहे. या वयात लशीचा फायदा कमी होत जातो, पण शून्य होत नाही, कारण सगळ्या प्रकारांशी गाठ पडलेली असेलच असं नाही. काही ठिकाणी ४५ वर्षांपर्यंत डॉक्टरांशी बोलून घेता येते. मात्र तुझ्यासाठी लशीपेक्षा गर्भाशयमुखाची तपासणी जास्त महत्त्वाची. तिची वेळ झाली आहे आणि ती खरं सांगितल्याशिवाय ठरत नाही.

आता माझं सांगते. झोप लागत नव्हती, म्हणून हा धागा वरपासून वाचला.

मी ४४ ची. दोन वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत माझा एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह आला. फोनवर कळलं. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, हातात नवऱ्याचा शर्ट होता. कॅन्सर वगैरे काही मनात आलं नाही. पहिला विचार आला तो, हे कुठून आणलं याने? वीस वर्षांच्या संसारात कधी शंका घेतली नव्हती. तीन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. तो बिचारा विचारत राहिला, बरं नाही का, काय झालं. मी सांगेना.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पुढची तपासणी समजावली, चिठ्ठी लिहिली, मी मान डोलवत होते. खरा प्रश्न जिभेवर होता आणि तो मी विचारलाच नाही. उठले, दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला, तिथून वळून विचारलं, "डॉक्टर, हे आलं कुठून?"

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला परत बसवलं. म्हणाल्या, हे कुणीच सांगू शकणार नाही. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं, कधी दशकानुदशकं गप्प पडून राहू शकतो. ही तपासणी तो आज आहे एवढंच सांगते, कधी आला ते सांगत नाही, कुणाकडून आला ते तर नाहीच. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो. बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. "घरी जाऊन भांडू नका," असं स्पष्ट म्हणाल्या त्या. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि रडले.

पुढे कोल्पोस्कोपी झाली, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून बघतात. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगरसारखं द्रावण लावतात, बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. स्क्रीनवर मला ते डाग दाखवले. तुकडा काढून तपासला, सीआयएन ३ आला. म्हणजे कॅन्सर नव्हे, पण त्याच्या अलीकडची पायरी. विजेच्या तारेच्या लूपने तेवढा भाग काढला. भूल फक्त त्या जागेला दिली होती, दुपारी घरी आले. तेव्हापासून ठरल्या वेळी तपासणी चालू आहे, आत्तापर्यंत ठीक आहे.

मी मुलगी असताना ही लस नव्हतीच. माझ्या दोन्ही भाच्यांना मी स्वतः घेऊन गेले.

---

चैत्रपालवी | गुरुवार, सकाळी ९:१०

पाऊलवाटताई, हे लिहिलंत म्हणून हात जोडते. कडीवर हात ठेवून विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

---

अबोली_३४ | गुरुवार, सकाळी ९:४५

ताई, पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. एकटीच जाणार आहे.

---

शुभ्रपंख | गुरुवार, दुपारी ३:१५

मी सिस्टर आहे, रोज लशी टोचते. थोडंसंच सांगते, पण उपयोगी पडेल.

किशोरवयीन मुलांना सुईच्या धास्तीने चक्कर येते. कोणत्याही लशीने येते, हीच काही वेगळी नाही. लस टोचून झाल्यावर मूल टुणकन उठतं आणि दारापाशी कोसळतं, डोक्याला लागतं. म्हणून १५ मिनिटं बसून राहायचं म्हणजे राहायचंच. आधी कधी रक्त काढताना चक्कर आली असेल तर आत शिरल्या शिरल्या सांगा, आम्ही झोपवून देतो. ढिल्या बाहीचे कपडे घाला. दंड ताठ न ठेवता सैल सोडला की कमी दुखतं. आणि मुलांना "दुखत नाही गं" असं खोटं सांगू नका. ही लस जरा चुणचुणते, दुसऱ्या दिवशी दंड जड होतो. आधी सांगितलेलं असलं की मुलं छान सोसतात.

पाळी चालू असली तरी चालते, पाळी सुरू झालेली नसली तरी चालते. साध्या सर्दीने अडत नाही, सणकून ताप असेल तर पुढे ढकलतात. यीस्टची किंवा आधीच्या डोसची जोरदार अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गरोदरपणात देत नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. दुसरा डोस लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, उरलेला घ्यायचा. पण ठरलेल्या वेळेच्या फार आधी घेऊ नका. आणि कार्डावर लशीचं नाव व तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका. सहा महिन्यांनी "कोणती दिली होती" हे कुणालाच आठवत नाही. कुठल्या लशीत दोन प्रकार असतात, कुठल्या चार, कुठल्या नऊ.

---

निशिगंध | शुक्रवार, रात्री ११:२०

सगळ्यांचं वाचून झालं. आता माझ्या दुसऱ्या भेटीचं.

या वेळी फक्त लशीसाठी वेळ घेतली होती, सकाळची पहिली. कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो स्वतःकडे ओढला आणि एकेक प्रश्नावर बोट ठेवून उत्तर द्यायला लागले. अँटिबायोटिकच्या पुरळाचा या लशीशी संबंध नाही. पाळीचा नाही. मूल होण्याबद्दल त्यांनी सांगितलं, की अमेरिकेत सुमारे दोन लाख मुली आणि तरुण स्त्रियांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. लशीमुळे अंडाशय अकाली निकामी होतात असं त्यात आढळलं नाही. वर म्हणाले, "हा प्रश्न लोक बाहेर जाऊन एकमेकांना विचारतात, मला विचारत नाहीत. तुम्ही विचारलात ते बरं झालं."

मी कागद उचलणार तेवढ्यात त्यांनी तो उलटा केला. मागे पेन्सिलीने लेकीच्या अक्षरात एक ओळ होती : 'ही लस मला का देताय ते मला कुणी सांगितलं नाही.'

तिने कधी लिहिलं मला माहीत नाही. वही टेबलावरच पडलेली असते. माझा चेहरा उतरला. डॉक्टर खुर्ची वळवून तिच्याकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आधी तुलाच सांगायला हवं होतं." आणि सांगितलं. एक विषाणू आहे, तो माणसांच्या जवळच्या स्पर्शातून पसरतो, मोठं झाल्यावर जोडीदाराकडून येऊ शकतो. बहुतेकदा काही करत नाही, पण कधी कधी पुष्कळ वर्षांनी कॅन्सर करतो. तुझं शरीर आत्ता त्याला ओळखायला शिकलं तर पुढे तो आला तरी आत घुसू देणार नाही. मोजून पाच-सहा वाक्यं. लेकीने विचारलं, "म्हणजे सेक्समधून येतो?" ते म्हणाले, "हो, मुख्यतः." ती म्हणाली, "ओके." बस. ज्या एका शब्दासाठी मी महिनाभर अडून बसले होते तो तिनेच काढला, आणि खोलीत काही झालं नाही.

लस टोचून झाली. बाहेर बाकावर आम्ही १५ मिनिटं बसलो. ती दंड चोळत होती. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी जिन्यात मी सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "हो, हवं होतं."

अजून एक. निघताना डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमची स्वतःची तपासणी कधी झाली?" मी ३९ ची आहे. एकदाही नाही. तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्हीची तपासणी करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मी लेकीच्या लशीसाठी दोन रात्री वाचत बसले तेव्हा ते ओलांडून पुढे गेले होते. मुलीसाठी वाचताना स्वतःबद्दलची ओळ डोळ्यांना दिसलीच नाही. पुढच्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो हेही तिथेच कळलं. पडद्याआड जाऊन लांब काडीचा कापूस फिरवायचा, नळीत घालायचा, झालं. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे ही तपासणी लागतेच, कारण लस सगळ्या प्रकारांना पुरत नाही. तेही लेकीला घरी येऊन सांगितलं, या वेळी तिने न विचारता.

रिपोर्ट सोमवारी येणार आहे. पाऊलवाटताई, काहीही आलं तरी खुर्चीत बसूनच विचारीन.

---

काजवा | शनिवार, सकाळी १०:०५

दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बुधवारची. फोनवरच सांगितलं की प्रश्न विचारायला येतेय, जास्त वेळ लागेल. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, मग शेवटची वेळ देते, घाई नको. लेकीला काल रात्री सगळं सांगितलं, जपानचंसुद्धा. ती म्हणते, तिचे स्वतःचे दोन प्रश्न आहेत, पण ते ती तिथेच विचारणार, मला आधी दाखवणार नाही.

---

चैत्रपालवी | शनिवार, सकाळी १०:३०

इकडे एक पान माझ्याकडून, एक पान लेकीकडून असं चाललंय. स्टेथोस्कोप, एक शंका : तिला त्याच दिवशी दुसरी एक लस ठरलेली आहे. दोन्ही एकदम चालतात का?

---

स्टेथोस्कोप | शनिवार, सकाळी ११:०२

सर्वसाधारणपणे चालतात, वेगवेगळ्या जागी टोचतात. तरी तुमच्या कागदावर लिहून ठेवा आणि त्यांना विचारा. तिच्या पानाला पहिली पाळी द्या.